उघडा पत्रा

माझं छत गळत नाही. ही बढाई नव्हे, शिरोली एमआयडीसीत कुणालाही विचारा. चोवीस वर्षं मी गाड्यांच्या बॉड्या बांधतोय. ट्रक बांधले, शाळेच्या बसा बांधल्या, फिरते दवाखाने बांधले आणि गेली चार-पाच वर्षं ह्या नव्या खुळाच्या घरगाड्याही बांधतोय. गगनबावड्याच्या पावसात चार महिने उभी राहिलेली माझी एक गाडी आतून ओली निघाली असं दाखवा, मी मिशी उतरवीन. ह्याच छताच्या गर्वापायी मी एका माणसाला कायमचं गप्प करणार होतो. माझी मलाच लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरेखाकाकी आणि तात्यासो माझ्याकडं पहिल्यांदा आले ते नोव्हेंबरात, घरगाडी करून घ्यायला. जुनी सतरा सीटर गाडी होती आणि चालवत होत्या काकी. साठी ओलांडलेली बाई, हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेली. माझ्या शेडच्या दोन खांबांमधून रिव्हर्समध्ये गाडी त्यांनी एका दमात आत घेतली. माझे ड्रायव्हर तिथं तीनदा पुढं-मागं करतात. मी तोंडातला चहा गिळायचा विसरलो.

तात्यासो खाली उतरले. उंच, वाळका माणूस, पांढरा शर्ट, गळ्याभोवती जाळीचा पांढरा रुमाल. आले ते सरळ माझ्या अर्धवट बांधलेल्या बसपाशी गेले आणि बोटाच्या पेरानं पत्रा टकटक वाजवायला लागले. थांबले, परत टकटक. माझा पत्रा कुणी वाजवून बघितला की माझं डोकं फिरतं.

"अवो पावणं, वाजवून काय बघताय? अठरा गेजचा पत्रा हाय! कागद लावत न्हाय मी!"

काकी हसत हसत आल्या. "पत्रा न्हाय बघत ते. तुमास्नी नमस्कार म्हनाले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तात्यासोंच्या घशाला कॅन्सर झाला. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्याला हा आजार, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. सव्वा वर्षापूर्वी ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं. श्वास गळ्याच्या छिद्रातून, त्यावर तो जाळीचा रुमाल. जीव वाचला, आवाज गेला.

पण तात्यासोंना दुसरी एक बोली येत होती. साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला नोकरी करत त्यांनी पस्तीस वर्षं हॅम रेडिओचा नाद केला होता. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन काढायचं, घरावर अँटेना उभारायचा आणि कुठल्या कुठल्या माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या. बोलून मारायच्या, नाहीतर मोर्समध्ये. म्हणजे पूर्वी तार ऑफिसात वाजायचं तसं कट्ट-कडकट्ट, खटका दाबून. ऑपरेशननंतर तात्यासो पाटीवर लिहून बोलायचे. त्यांचं अक्षर वाचून काकींचे डोळे दुखायला लागले आणि बासष्टाव्या वर्षी बाईनं मोर्स शिकायला घेतलं. भाजी निवडताना, देवळातून येताना, मोबाइलवर ऐकून ऐकून चार महिन्यांत शिकल्या.

"पस्तीस वर्सं त्या रेडिओला मी सवत म्हनत आले," काकी म्हणाल्या, "आन् आता सवतीचीच भाषा शिकून बसले."

"मग घरात कसं बोलताय?"

"चमचा आन् ताट."

"आन् भांडताना?"

"ते पातेलं घेत्यात."

मी हसलो, पण आतून गार झालो होतो. मला लग्नाला सव्वीस वर्षं झाली. बायको मराठीत बोलते तेही मला पहिल्या खेपेला कळत नाही.

तात्यासो गाडीचं माप घ्यायला पलीकडं गेले तेव्हा काकींनी मला बाजूला घेतलं. खरी गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. म्हैसूरला आण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत, तात्यासोंपेक्षा वयानं मोठे. सत्तावीस वर्षं दर रविवारी सकाळी आठ ते नऊ दोघं ठरलेल्या जागी भेटायचे. जागा म्हणजे रेडिओवरचा एक ठरावीक आकडा. दोघांचं सगळं मोर्समध्येच चालायचं. पोरांची लग्नं, पाऊसपाणी, गुडघेदुखी, सगळं खटक्यावर. ऑपरेशन झालं आणि तात्यासोंनी पाटीवर लिहिलं, कुणाला सांगायचं नाही. आण्णांचे फोन आले. काकींना सांगावं लागलं, बाहेर गेलेत. असं चारदा झालं. पाचव्यांदा फोन आला नाही.

"मग रेडिओवर का न्हाय बोलले? त्याला कुठं घसा लागतोय?" मी विचारलं.

"उपचाराला म्हनून गावचं घर सोडून हितं फ्लॅटात आलो. अँटेना उतरला. फ्लॅटात सेट लावला तर आजूबाजूचे इन्व्हर्टर, लिफ्टी, निसती खरखर. एकदा लावला, बंद केला, खोक्यात घातला. आता म्हनतात, कॉलेजला देऊन टाकतो. तारीखपन दिलीय. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार." काकींनी मागं वळून बघितलं. तात्यासो टेप लावून चाकावरची कमान मोजत होते. "आठ दिवस भांडले मी. शेवटी एवढं कबूल केलं, गाडी घ्यायची, मोकळ्या माळावर जायचं आन् सोमवारच्या आत जमलं तर सेट ठेवायचा. न्हाय जमलं तर मी परत विषय काढायचा न्हाय."

"जमंल की."

"जमायलाच पायजे. सेट गेला की मागं मी एकटीच ऱ्हाते त्यांच्याशी बोलायला. आन् राजशेखर, हल्ली चमचापन कमी वाजतोय."

गाडी जानेवारीअखेर देतो म्हणालो होतो. म्हणजे त्यांच्या हाती तीन रविवार आले असते. मध्ये एका शाळेच्या चार बसा आल्या आणि मी बॉडीवाल्यांच्या जातीला जागलो. काकींचा फोन आला की "परवा," त्या परवाला फोन आला की "रंगात हाय." तीनातले दोन रविवार मी खाल्ले. गाडी मात्र झकास झाली. छत वर उचललं, आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, खिडकीपाशी सेटसाठी शिसवी रंगाचं टेबल. शेवटी राहिला अँटेना.

अँटेना म्हणजे आठ फुटांची बारीक स्टीलची काठी, बुडाशी तांब्याच्या तारेचं जाड वेटोळं आणि खाली लोखंडी बैठक. बैठकीला बिजागरी, म्हणजे रस्त्यानं जाताना काठी छतावर आडवी झोपते आणि माळावर उभी करता येते. तात्यासोंनी चौकटीच्या कागदावर सहा सूचना लिहून दिल्या होत्या, शेजारी पेन्सिलीनं आकृती. पहिल्या तीन वाचल्या, बरोबर होत्या. चौथी अशी: बैठकीखालचा रंग संपूर्ण खरवडून उघड्या पत्र्यावर बैठक घट्ट बसवणे, कारण गाडीचा पत्रा हाच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग आहे.

ती वाचली आणि माझं टाळकं सटकलं. पुढच्या दोन वाचल्याच नाहीत. बसलिंगाप्पा, माझा पेंटर, तीस वर्षं ब्रश धरलेला माणूस, त्यानं आदल्याच दिवशी छताला शेवटचा हात मारला होता. एक केस सापडला नसता त्या रंगात.

"मालक, त्यांनी लिवलंय तर खरवडूया की," बसलिंगाप्पाच म्हणाला.

"उघडा पत्रा? माझ्या छतावर? एका पावसाळ्यात गंजंल, दुसऱ्यात गळंल, आन् गाडीवर बोर्ड माझा हाय!"

"लिवनारा इलेक्ट्रिकलचा हाय मालक."

"मग त्यानं इलेक्ट्रिकल बघावं. पत्रा मी बघतो."

आणि मी बघितलं. भोकांच्या कडांना दोन हात प्रायमर, त्यावर रंग. बैठकीखाली ट्यूबच्या रबराची गादी, मापात कापलेली. रबराखाली-वर सिलिकॉन. बोल्टांना नायलॉनचे बुश, म्हणजे लोखंड लोखंडाला घासायला नको. ह्या माणसाला अर्थिंगच पाहिजे ना, मग घ्या अर्थिंग, म्हणून बैठकीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक बारीक वायर ओढून टाकली. काम झाल्यावर खाली उतरून मी लांबून बघितलं आणि मला माझाच अभिमान वाटला. पाण्याचा थेंब काय, मुंगीसुद्धा आत गेली नसती.

शनिवारी पाच वाजता दोघं गाडी न्यायला आले. तात्यासोंना शिडी चढायला दम लागतो, त्यामुळं वर काही ते गेले नाहीत. काकींनी कागद काढून एकेक नंबर विचारला. चौथ्याला मी म्हणालो, "झालं की." डोळ्याची पापणी लवली नाही माझी. तात्यासोंनी आतल्या बाजूनं मीटर लावून बघितलं, माझ्या बारीक वायरीमुळं मीटर पी पी वाजला, त्यांनी समाधानानं मान हलवली. शेडमध्ये काठी उभी करता येत नव्हती आणि जैन माणसं ती, दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं होतं. काकी निघताना म्हणाल्या, "सकाळी साडेपाचला यायचं तुमी. बोल्टबिल्ट ढिला झाला तर कोन हाय आमाला?" गणिताच्या बाईंना नाही म्हणायची सवय शाळेतच मोडलेली असते. हत्यारांची पेटी घेऊन मी सकाळी हजर झालो.

पन्हाळा मागं टाकून आम्ही मसाई पठारावर पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. फेब्रुवारीतलं गवत पिवळं पडलेलं, वारं भणाणत होतं, लांबपर्यंत विजेचा एक खांब नाही. मी वर चढून काठी उभी केली, खिट्टी लावली. आत तात्यासोंनी सेट चालू केला. मी दारातून बघत होतो. कसलीच खरखर नाही, पाटातून पाणी वाहावं तसा बारीक आवाज, आणि त्यात लांबवर कुठंतरी टीट-टीट. तात्यासोंनी डोळे मिटले. दीड वर्षानं असं स्वच्छ ऐकायला मिळालेल्या माणसाचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

आठला दोन मिनिटं असताना त्यांनी ठरलेला आकडा लावला. आठ वाजले. आणि स्पीकरमधून एक हळू, ठाशीव टीट-टीट सुरू झालं. दोन अक्षरं झाली नसतील, तात्यासोंनी काकींचा दंड धरला.

"आण्णा," काकी कुजबुजल्या. "कोन हाय का म्हनून हाका मारत्यात."

"नाव न सांगताच कळलं?"

"प्रत्येकाचा हात येगळा असतोय. खटक्यावर कोन रेंगाळतंय, कोन तोडतंय. मला अजून कळत न्हाय. त्यांना कळतंय."

तात्यासोंनी खटका पुढं ओढला. आधी अँटेना नीट लागलाय का ते बघायचं असतं. सेटवर एक मीटर होता. आपण पाठवलेली ताकद बाहेर न जाता किती परत येते ते त्याचा काटा दाखवतो. जितका खाली तितकं चांगलं. त्यांनी खटका दाबला. काटा उडाला आणि पार उजव्या टोकाला जाऊन आपटला. लाल दिवा लागला आणि सेटनं आपली ताकद आपणच तोडली.

तात्यासो घाबरले नाहीत. केबल काढली, टोक पुसलं, परत लावली. काटा टोकाला. मला वर पाठवून काठीचं टोक चार बोटं खाली घ्यायला लावलं, मग वर. काटा टोकाला. पलीकडं आण्णा हाका मारून थांबले. मिनिटभरानं परत हाका. काकी पेन्सिलीनं अक्षरं टिपत होत्या, तीच ती अक्षरं. साडेतीनशे मैलांवरून एक म्हातारा माणूस विचारत होता आणि इथं टेबलाशी बसलेल्या माणसाला साधं हूं म्हणता येत नव्हतं.

खरं सांगतो, मी आधी सेटला दोष दिला. दीड वर्ष खोक्यात पडलाय, बिघडला असेल. मनाशी म्हटलंसुद्धा, की बरं झालं, आपल्यावर येत नाही. मग तात्यासोंनी तो चौकटीचा कागद काढला. पेन्सिल घेऊन पहिल्या सूचनेवर थांबले, वेटोळं डोळ्यांनी तपासलं, बरोबरची खूण केली. दुसरी, खूण. तिसरी, खूण. चौथीवर पेन्सिल टेकली. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मी झालं म्हणालो होतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. खूण केली आणि पाचवीवर गेले.

आठ वीसला आण्णांची हाक बंद झाली. तात्यासो थोडा वेळ ऐकत बसले. मग कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि खटक्याची वायर काढून बोटांभोवती गुंडाळायला लागले. चिडचिड नाही, आदळआपट नाही. पाहुणे गेल्यावर माणूस सतरंजी गुंडाळतो तसं शांतपणे चाललं होतं. काकी खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि त्यांचा पदर तोंडाशी गेला होता.

चोवीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नाही असं नाही, तारखांच्या बाबतीत तर रोजच. पण हे वेगळं होतं. माझ्या छताला डाग नको म्हणून हा माणूस मुका होऊन घरी जाणार होता, आणि जाताना माझ्या शब्दावर खूण करून जाणार होता.

"तात्यासो, थांबा," मी म्हणालो. "चार नंबर मी केला न्हाय."

काकी गर्रकन वळल्या. "झालं म्हनालता की तुमी!"

"खोटं बोललो, काकी. रंग खरवडवंना माझ्याच्यानं. खाली रबर घातलंय, सिलिकॉन भरलंय, बोल्टालापन नायलॉन हाय. पत्र्याला कुठंच टेकत न्हाय ते. मीटर वाजला तो बारीक वायरीमुळं. गंजू नये म्हनून केलं. चुकलो. तुमी काय बोलायचं ते बोला."

काकींच्या तोंडून काहीतरी जहाल निघणार होतं, आणि मला ते हवंही होतं. पण तात्यासोंनी टेबलावर बोट वाजवलं. तीन-चार ठोके, थांबून परत दोन-तीन. काकींनी ऐकलं.

"म्हनतात, पाना घ्या. आण्णा नऊपर्यंत बसतो."

एवढंच. ना शिवी, ना डोळे वटारणं. मी असतो तर समोरच्याला पठाराच्या कड्यापर्यंत पळवला असता. ह्या माणसाचं सगळं जायची वेळ आली होती आणि तो मला फक्त पाना घे म्हणत होता. त्या क्षणी तो माणूस मला जेवढा मोठा वाटला तेवढा अजून कुणी वाटलेला नाही.

मी पेटी घेऊन छतावर चढलो. आठ एकोणतीस. चारी बोल्ट काढले. नायलॉनचे बुश उपटून खिशात टाकले. सिलिकॉन इतकं चिकटलं होतं की बैठक हलेना. माझंच काम, कसं सुटेल? हॅक्सॉचं पातं घालून कापत कापत सोडवलं, रबर ओरबाडून काढलं. खाली बसलिंगाप्पाचा रंग, आरशासारखा. एकदा हात थबकला, नाही म्हणत नाही. मग खरवडायची पट्टी घेऊन मी त्याच्यावर पहिला ओरखडा ओढला. त्यानंतर कसला विचार नाही. रंग, पुट्टी, प्रायमर, थर थर निघत गेले. पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो. बोटांची सालं गेली. वाऱ्यानं रंगाची पूड डोळ्यांत जात होती.

"किती ऱ्हायलं?" खालून काकी.

"किती वाजले?"

"आठ त्रेचाळीस!"

"झालं, झालं!" म्हणालो आणि जीभ चावली. "म्हंजी, हुतंय! अजून झालं न्हाय!"

शेवटी पत्रा चकाकला. उघडा, पांढरा, ताटाएवढा. बैठकीचं बूड घासलं, बोल्टांखाली दातेरी वॉशर घातले, म्हणजे ते धातूत चावतात, आणि अंगातला सगळा जोर लावून आवळले. काठी उभी केली. "खाली या आता, हात लावू नका त्याला!" काकी ओरडल्या. मी शिडी न घेता मागच्या बाजूनं उडी मारली.

तात्यासोंनी वायर परत जोडली होती. खटका दाबला. काटा उडाला, वर चढला, आणि निम्म्यावर येऊन थांबला. त्यांनी मला दोन बोटं दाखवली. मी पळत वर जाऊन काठीचं टोक दोन बोटं वर ओढलं, खाली आलो. परत खटका. ह्या वेळी काटा जरासा थरथरला आणि डावीकडं खाली जाऊन बसला. लाल दिवा लागला नाही. काकींनी माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. तो रागाचा होता की आनंदाचा हे मी आजवर विचारलेलं नाही.

आठ त्रेपन्न. पण जागेवर आता कुणीच नव्हतं. नुसता वाहत्या पाण्याचा आवाज. आण्णा उठून गेले असतील, दीड वर्ष दर रविवारी तेच करत असतील, हाक मारायची आणि उठायचं. तात्यासोंनी अंगठा आणि दोन बोटं खटक्यावर ठेवली. दीड वर्ष त्या बोटांनी फक्त ताट वाजवलं होतं. त्यांनी काहीतरी अगदी छोटं वाजवलं आणि हात उचलला.

"काय म्हनाले?"

"इथं कोन बोलतंय का, असं आधी विचारायचं असतंय. रीत हाय," काकी हळूच म्हणाल्या. "अजून सोताची खूण दिली न्हाय, नाव न्हाय. निसतं विचारलं."

काहीच आलं नाही. वारं काठीला लागून शीळ घालत होतं. तात्यासोंनी खांदे खाली सोडले. मी मनगटातल्या घड्याळाकडं बघायचं टाळत होतो. काकींची पेन्सिल कागदावर टेकलेली, तशीच.

आणि स्पीकर बोलला. मघाचं हळू, ठाशीव टीट-टीट नाही, घाईघाईत, अडखळत, मध्येच तुटत. काकी लिहायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो. इंग्रजी अक्षरं होती. टी. ए. टी. वाय. ए. आणि पुढं प्रश्नचिन्ह.

"तात्या?" मी मोठ्यानं वाचलं.

"नाव सांगितलं न्हाय अजून," काकी म्हणाल्या. "एक शब्द विचारला निसता. हातावरनं वळखलं त्यांनी."

तात्यासोंनी उत्तर द्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. जमेना त्यांना. पलीकडून परत सुरू झालं. काकी लिहीत होत्या, ई, एल, एल, आय, डी, डी, ई. त्या थांबल्या. "हे काय? मला न्हाय लागत."

मला लागलं. मी गडहिंग्लजचा, आमच्या घरात आईशी अजून कन्नडच चालतं. "एल्लिद्दे," मी म्हणालो. "कुठं होतास, म्हनतात. कुठं होतास इतकं दिवस?"

तात्यासोंनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. गळ्यावरचा रुमाल सारखा केला, दीर्घ श्वास घेतला आणि खटका धरला. ह्या वेळी हात मागं आला नाही. काकी ऐकत होत्या, पण पेन्सिल चालेना. त्यांचे गाल भिजले होते आणि त्या हसत होत्या.

"काय सांगितलं? काकी, काय सांगितलं त्यांनी?"

"म्हनाले," काकींना हसू आवरेना, "घसा बसलता जरा."